तीन खाचांचा निरोप

गांधीधाम, कच्छ
११ जून २०२४

राखी,

आणि मी याडीसाठी पाठवलेली पावडर नव्हती द्यायची तं नसती दिली, पण तिचा डबा कोंबड्यांच्या खुराड्याले झाकण म्हणून लावायचा? याडीनंच सांगितलं मले फोनवर, हसत हसत. तुले वाटत असंल ती हसली म्हणजे तिले बरं वाटून राह्यलं. मले आवाजावरून समजते, तिनं फोन दोन्ही हातानं धरला होता. पहिले ती फोन खांद्यात दाबून फेटियाच्या घेराले आरसे टाचायची अन् बोलता बोलता मधीच 'थांब, धागा तुटला' म्हणायची. किती महिने झाले, तिचा धागा तुटला नाही.

इथं समदे घेतात ती पावडर. आमचा मुकादम पूनमसिंग घेते, त्याची बायको घेते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, प्रतिकारशक्ती वाढवते. अन् तू काय करून राह्यली? यवतमाळच्या डॉक्टरचं ऐकून याडीले, सख्ख्या मायले, असं इंजेक्शन द्यायले निघाली, जे प्रतिकारशक्ती कमी करते. हे मी नाही बनवलं, कालच्या फोनमधी तूच बोलली. माणूस आजारी पडलं तं त्याची ताकद वाढवावी का काढून घ्यावी? मी एवढंच विचारलं. त्याच्यावर तू म्हणाली, 'भिया, तू आठवीतून पळाला, तुले काय समजावू?' अन् फोन कापला.

म्हून कागदावर लिहितो. कागद अर्ध्यातून कापून टाकता येत नाही, पूर्ण वाचाच लागते. तसंही बंदराच्या गेटवर आमचे फोन जमा करून घेतात अन् खोलीवर आम्ही दहा जण, तिथं धड भांडताही येत नाही.

तू एमएस्सी करून राह्यली ना? मंग मले समजंल असं लिहून दाखव. नाही समजलं तं मी तिकीट काढून येतो अन् ते इंजेक्शन बंद करतो. आपला बा पण माझ्याच बाजूचा आहे. तो म्हणते, इतक्या मोठ्या दवाखान्याची भानगडच नको.

माझं चालू आहे. दिवसभर कंटेनरचे लॉक लावायचे अन् काढायचे. सुरत सोडलं, वापी सोडलं, आता इथंही जीव लागत नाही. खोलीतला लखीराम म्हणते ओमानले चाल.

बादल

—

मुलींचे वसतिगृह, यवतमाळ
२२ जून २०२४

बादलभिया,

आधी कोंबड्यांचं. डबा रिकामा होता. पावडर मी डॉक्टरांना दाखवली होती. ते म्हणाले, यात नक्की काय काय आहे हे यांनी धड लिहिलेलंही नाही, आणि तुमच्या आईची आठवड्याची गोळी आधीच लिव्हरला जड असते. मग मी ती उकिरड्यावर ओतली. डबा चांगला होता, तो ठेवला.

आता तुझा प्रश्न. रागावले होते म्हणून फोन कापला, पण प्रश्न वेडा नव्हता. आमच्या वर्गातल्या पोरीही असंच विचारतात.

याडीची ताकद कमी पडलेली नाही. तिची ताकद चुकीच्या घरात घुसली आहे. शरीरात काही बिघडलं की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हा निरोप म्हणजे बोलणं नाही, एक वस्तू असते, प्रोटीनची. ती तरंगत जाते आणि दुसऱ्या पेशीच्या अंगावर जे दारासारखं असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला, तिथे जाऊन बसते. बसली की आत कळतं: सूज आण, गरम कर, आणखी पेशी बोलाव. जखम झाली तर हे हवंच. पण याडीच्या बोटांच्या सांध्यांत जखम नसताना हा निरोप सुटत राहतो. थांबतच नाही. तिची बोटं सकाळी मिटत नाहीत ती यामुळे.

या निरोप्याचं नाव टीएनएफ. त्याचा आकार बघ, मी मागे काढून दाखवला आहे. तीन सारखे तुकडे एकमेकांना टेकून उभे असतात. दोन तुकडे जिथे टेकतात तिथे एक खाच तयार होते. तीन तुकडे, म्हणून तीन खाचा. एकट्या तुकड्याला पूर्ण खाच नसते, अर्धी याच्याकडे आणि अर्धी शेजाऱ्याकडे. रिसेप्टर त्या खाचेत बसतो. तिन्ही खाचा भरल्या की तीन रिसेप्टर आपोआप एकमेकांजवळ ओढले जातात, त्यांच्या आतल्या शेपट्या जवळ येतात आणि तेव्हाच निरोप आत पोचतो. म्हणजे सगळी करामत आकाराची आहे. तुकडे वेगळे केले तर तेच प्रोटीन, पण निरोप नाही.

आणि इंजेक्शन काय करतं? त्या खाचा आधीच झाकून टाकतं. निरोप्या फिरतो, पण कुठे बसू शकत नाही. 'प्रतिकारशक्ती कमी करतं' हे मी घाईत बोलले. सगळी नाही, हा एक निरोप अडवतं.

याडीला मी पुस्तकातलं रंगीत चित्र दाखवलं. तिने ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, 'फूल तं चांगलं काढलं, पण मधात आरसा काहून नाही लावला?'

सांध्यांचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच इथे येतात. औषध मागवायला वेळ लागेल म्हणून १२ ऑगस्टची तारीख दिली आहे. याडी खूश आहे, तांड्यावर तीज बसायच्या आधी होईल म्हणते. आधी टीबीची तपासणी करतात. हातावर सुई टोचून पाहिली, हात फुगला नाही. छातीचा फोटो ठीक आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात कधी कोणाला टीबी होता का? मी सांगितलं, नाही. वडिलांना दमा होता, तोही आता नाही.

तेव्हा तिकीट काढू नकोस. आणि आठवीतून पळालास हे मात्र खरंच आहे, ते मागे घेत नाही.

राखी

—

गांधीधाम
३ जुलै २०२४

राखी,

तुझं पत्र पावसानं ओलं होऊन आलं, पण चित्र वाचलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत दोनदा पाह्यलं. पूनमसिंग म्हणाला, काय रे, पोरीचं पत्र आलं काय? मी म्हटलं, हाव, तिनं मले तीन खाचा काढून पाठवल्या. तो हसून हसून लाल झाला.

समजलं मले. आता मी सांगतो, तू ऐक.

कंटेनरच्या प्रत्येक कोपऱ्यात लोखंडी भोक असते, लांबट. क्रेनचा पंजा वरून उतरते, त्याले चार लॉक. लॉक भोकात गेले की आडवे फिरतात अन् पकडतात. पण चारही नीट बसले तरच दिवा लागते, अन् दिवा लागला तरच क्रेन उचलते. तीन बसले, एक नाही बसला, तं ड्रायव्हरनं कितीही जोर लावला तरी क्रेन जागची हालत नाही. बनवणाऱ्यानं तसंच बनवलं आहे. मांगच्या हप्त्यात एका भोकात दगड अडकून बसला होता. मोठा नाही, आंब्याच्या कोयीएवढा. चाळीस फुटाचा कंटेनर त्या कोयीनं थांबवला. मलेच शिडीवर चढून तो काढा लागला.

म्हंजे तुझं इंजेक्शन म्हणजे भोकातला दगड. बरोबर ना? लोखंड तेच, ताकद तीच, पण बसत नाही म्हून उचलत नाही.

मले आवडलं हे. खरं सांगतो, मी चांगल्या मूडमधी होतो. मंग शिडीवरून उतरताना डोक्यात आलं: दगड असला तं खराब मालाचा कंटेनर उचलत नाही, तसा औषधाचा कंटेनरही उचलत नाही. क्रेनले काय माहीत आत काय आहे? तसं हा निरोप याडीच्या बोटात खराब काम करते, पण दुसरीकडं कुठं चांगलं कामही करत असंल. ते बंद पडलं तं?

अन् डॉक्टरनं टीबीचंच काहून विचारलं? साखरेचं नाही विचारलं, बीपीचं नाही, टीबीचंच. असंच विचारून राह्यलो. टीबी लय जुना असला, दहा-बारा वर्षाचा, अन् पूर्ण बरा झालेला असला, तरी काही फरक पडते काय? ज्याले झाला त्याले नाही, त्याच्या जवळ राहणाऱ्याले.

उत्तर लवकर दे. याडीले हे काही सांगू नको. बालेही नको.

बादल

—

यवतमाळ
१५ जुलै २०२४

भिया,

मी आधी तुझ्यावर रागावते आणि मग उत्तर देते.

तुला खोकला आहे का? किती दिवसांपासून? 'असंच विचारून राह्यलो' म्हणे. दहा जण एका खोलीत, खारी हवा, बाहेरचं खाणं, आणि होळीला घरी आलास तेव्हा तुझी पँट दोरीने बांधलेली मी पाहिली होती. 'दहा-बारा वर्षांचा जुना' हे तू मला फसवायला लिहिलंस ना? उद्याच तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. तपासणी फुकट असते. लाजायचं काय त्यात? मी याडीला काही बोललेले नाही, पण तू गेला नाहीस तर बोलेन.

आता तुझ्या क्रेनचं. भिया, ते वाचून मी आमच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी हेच उदाहरण देणार. आणि तुझी शंका बरोबर आहे, त्यासाठीच डॉक्टर टीबी विचारतात.

टीबीचा जंतू फुफ्फुसात शिरला तरी बहुतेकांना आजार होत नाही. आपल्या पेशी त्याच्याभोवती गोल कडं करून बसतात, त्याला आत कोंडतात. जंतू मरत नाही, झोपून राहतो. दहा वर्षं, वीस वर्षं. माणसाला पत्ताही नसतो. ते कडं ज्या निरोपांवर टिकून असतं त्यातला एक मोठा निरोप हाच, टीएनएफ. त्याच तीन खाचा. बोटात नको असलेला आणि छातीत हवा असलेला, दोन्ही एकच. इंजेक्शन घेतलं तर कडं सैल पडू शकतं आणि आतला उठू शकतो.

म्हणून आधी सुई टोचून बघतात. पण याडी गेले वर्षभर सुजेची जी गोळी घेते, त्या गोळीने कधीकधी हात फुगतच नाही, जंतू असला तरी. म्हणून डॉक्टर तोंडी विचारतात. कोणी घरात खोकत होतं का, एकाच खोलीत कोण झोपत होतं. तसं असेल तर आधी झोपलेल्या जंतूवरच्या गोळ्या देतात, महिनाभर तरी, आणि मग इंजेक्शन.

आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून १२ ऑगस्ट पक्की आहे. तू मात्र उद्याच जा.

राखी

—

गांधीधाम
२६ जुलै २०२४
(स्पीड पोस्टनं टाकतो)

राखी,

मी गेलतो दवाखान्यात. छातीचा फोटो साफ, थुंकी साफ. पँट ढिली होती कारण ती लखीरामची होती.

आता हे पत्र एकटीनं वाच.

बाले दमा नव्हता.

२०१४ मधी, आपल्या बहिणीच्या, पुष्पाबाईच्या सगाईचं बोलणं चालू होतं तेव्हा, बा रोज खोकत होता. तुले आठवंल, याडी त्याच्यासाठी अडुळसा कुटायची. महागावच्या बाजारात तांड्यातले समदे भेटतात म्हून तो मले घेऊन उमरखेडले गेला. तिथं थुंकी तपासली अन् टीबी निघाला. बा दवाखान्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, पोराकडच्या लोकाईले समजलं तं सगाई मोडंल, अन् राखीलेही पुढं कोणी विचारणार नाही. मंग घरी सांगितलं, कापसाच्या धुळीनं दमा झाला, डॉक्टरनं बाहेर राहायले सांगितलं, अन् आम्ही दोघं उमरखेडच्या वीटभट्टीवर राह्यलो.

गोळ्या एक दिवसाआड दवाखान्यातच घ्या लागत होत्या. तिथं इंदुताई म्हून सिस्टर होत्या. बा गोळी गालात धरून बाहेर थुंकायचा, कडू लागते म्हून. त्याईनं ओळखलं. मंग दरवेळी 'रामधनभाऊ, तोंड उघडा, जीभ वर करा.' बा लहान पोरासारखा तोंड उघडायचा. मी बाजूले उभा. मी सैपाक करायचो, त्याले घेऊन जायचो अन् घेऊन यायचो. तो पूर्ण बरा झाला, कागद आहे त्याचा, बाच्या पेटीत असंल.

पण उमरखेडले जायच्या आधी तीन-चार महिने तो घरातच खोकत होता. अन् याडी त्याच्या बाजूले झोपत होती. हिवाळा होता, दार बंद.

बानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, हे तोंडातून काढायचं नाही. मी नाही काढलं. तुले फोन लावला होता परवा, तू 'हॅलो भिया' म्हणाली अन् मले बोलताच नाही आलं, म्हून नेटवर्कचं नाव सांगितलं. लिहायचं नाही असं बा बोलला नव्हता. त्याले वाटलं असंल, हा आठवीतला, हा कायले लिहिते.

डॉक्टरले सांग. बाले काय सांगायचं ते तूच ठरव, माझं डोकं चालत नाही. अन् त्याच्यात माझी शाळा सुटली, ते मनावर घेऊ नको. गणिताच्या मास्तरपेक्षा वीटभट्टी बरी होती.

बादल

—

यवतमाळ
१२ सप्टेंबर २०२४

भिया,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, फोनवरही 'सगळं ठीक' एवढंच म्हणत राहिले. कारण आधी सगळं होऊ दे म्हटलं.

तुझं पत्र मिळालं त्याच शनिवारी मी तांड्यावर गेले. बा नांगराचा दांडा तासत बसला होता. मी विचारलं, 'बा, दमा होता ना तुम्हाले?' 'हाव.' 'मग दम्याच्या माणसाला वीटभट्टीच्या धुराने आराम पडते काय?' त्याचा हात थांबला. त्याने हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाला, 'बादलनं तोंड उघडलं?' मी म्हटलं, 'नाही. लिहिलं.' त्यावर तो हसला की काय ते मला कळलं नाही. म्हणाला, 'मी येत नाही कुठं. तुले सांगायचं तं सांग डॉक्टरले.' मी त्याला ते कडं, तो झोपलेला जंतू, सगळं सांगितलं. तो पुन्हा तासायला लागला.

१२ ऑगस्टला सकाळी मी आणि याडी फाट्यावर एसटीला आलो, तर बा आधीच येऊन उभा. पांढरा सदरा, धुतलेला. याडी म्हणाली, 'तुम्ही कुठं?' तो म्हणाला, 'यवतमाळले काम आहे.'

डॉक्टरांसमोर तो खुर्चीवर बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, 'साहेब, टीबी मले होता. दहा वर्षं झाले. हिच्याच बाजूले झोपत होतो.' आणि खिशातून तो उमरखेडचा कागद काढला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्या दिवशी इंजेक्शन नाही म्हणाले. याडीची पुन्हा नीट तपासणी केली, आजार नाही, पण जंतू झोपलेला असू शकतो म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या. मला म्हणाले, 'हे आधी कळलं ते बरं झालं.' भिया, मी इतक्या ठामपणे 'नाही' सांगितलं होतं त्यांना. एमएस्सीची पोरगी.

परतीच्या एसटीत याडी आमच्याजवळ बसली नाही. पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. घरी आल्यावर पोत्यावर बसून तिने बाला विचारलं, 'मी अडुळसा कुटत होती तवा तुम्हाले माहीत होतं?' तीच पुढे म्हणाली, 'तांड्यापासून लपवलं ते समजते. मी काय तांडा आहे?' त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी द्यायची, पण ताट जमिनीवर आपटून.

पुढच्या गोळ्यांच्या वारी मी गेले तर काय पाहिलं माहीत आहे? याडी ओसरीत बसलेली, बा समोर उकिडवा. तिने गोळ्या गिळल्या. बा म्हणाला, 'तोंड उघड.' ती बघतच राहिली. 'उघड. जीभ वर कर.' याडी म्हणाली, 'दहा वर्षं सोतःचं तोंड बंद ठेवलं, अन् आता माझं उघडायले लावता!' पण उघडलं. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली.

सोमवारी, ९ तारखेला, पहिलं इंजेक्शन झालं. फरक पडायला काही आठवडे लागतात म्हणाले, कोणाला पडतो, कोणाला कमी पडतो. अजून बोटं तशीच आहेत. ताप, खोकला आला तर लगेच या, असं बाला दोनदा बजावलं आहे. तो रोज सकाळी याडीच्या कपाळाला हात लावून बघतो. ती हात झटकते.

तीजला आमच्या पोरींच्या ओढण्यांना तिला आरसे लावता आले नाहीत. पण काल म्हणाली, 'बादल कच्छात आहे ना? तिथले आरसे चांगले असतात म्हणे. लहानवाले पाठव म्हणावं, रुपयाएवढे.' मी म्हटलं, 'याडी, सुई धरता येईल का?' ती म्हणाली, 'आरसे तं येऊ दे.'

आठवीतून पळाला म्हणाले होते. ते मागे घेते.

राखी

—

गांधीधाम
२४ सप्टेंबर २०२४

राखी,

मागे घेऊ नको. पळालो तं होतोच, फक्त रस्ता बाचा होता. शाळा मले तशीही आवडत नव्हती, उगाच मले मोठं करू नको. वीटभट्टीवर मी पतंग लय उडवले, ते तुले लिहिलं नव्हतं.

बा तोंड उघडायले लावते, हे वाचून मी गोदीतच मोठ्यानं हसलो. पूनमसिंगनं विचारलं, त्याले पूर्ण सांगितलं. दमा नाही, टीबी, असं सांगितलं. पह्यल्यांदा हा शब्द तोंडातून निघाला. काही झालं नाही. तो म्हणाला, माझ्या भावालेही होता.

एक गोष्ट विचारायची आहे. ते तीन तुकडे एकमेकाले टेकून उभे असतात म्हणते, तं त्याईले कोणी जोडलं नसते? नुसता आकारच असा की जवळ आले की बसून जातात? मी हे रोज विचार करून राह्यलो. आपल्या घरात तिघाईजवळ अर्धी अर्धी खाच होती. बाजवळ अर्धी, माझ्याजवळ अर्धी, अन् तू तुझी पुस्तकं घेऊन यवतमाळले. जवळ आल्याशिवाय निरोप पोचलाच नाही. बरोबर आहे का चूक, ते लिही. चूक असलं तरी लिही, पण फोन कापू नको.

ओमानले लखीराम एकटाच गेला. मी दिवाळीपर्यंत आहे इथंच. याडीच्या बोटाचं काय होते ते पाह्यल्याशिवाय पासपोर्टचं नाव काढणार नाही. नाही जमलं इंजेक्शननं, तं डॉक्टरले विचार, दुसऱ्या कोणत्या निरोपाले अडवता येते काय. एकच क्रेन थोडीच राहते बंदरात.

भुजच्या बाजारातून आरसे घेतले. रुपयाएवढे पाहिजे म्हणाली, मी दोन मापाचे घेतले, थोडे मोठेही, बोट कमी वाकलं तरी धरता येतील असे. जाड सुया अन् लाल-पिवळा धागाही टाकला आहे. पुठ्ठ्यात बांधून पार्सल केलं, हळू उघड. सुई नाही धरता आली तं आरसे बाजवळ दे, तो धरंल अन् ती टाका घालंल. भांडतील, पण होईल.

पुढच्या महिन्यात १४ तारखेला डॉक्टर येतील तेव्हा दोघाईले यवतमाळले घेऊन जा. याडीचं तिकीट अर्धं, बाचं पूर्ण. एसटीत दोघाईले एका सीटवर बसव. वरच्या पैशाचं त्याईले उसाचा रस अन् काय पाहिजे ते खाऊ घाल.

पावडर घेणं मी बंद केलं. तिचे दर महिन्याचे जे जात होते, तेच तुझ्या खात्यात टाकून राह्यलो: चौदाशे पन्नास रुपये.

बादल